सातबारा जोडून शिकार

जुलै 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं एक निर्णय काढला आणि नायगाव तालुक्यातले आम्ही सगळे शेतकरी बसल्या जागी शिकारी झालो. आम्ही मागत होतो मोटारीला दिवसा लाईट. मिळाली रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर मारायची परवानगी. नीट सांगायचं तर परवानगी मागायची परवानगी. पीक खाणाऱ्या रोह्याचा बंदोबस्त करायचा असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, आणि चोवीस तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं.

हे शेवटचं वाक्य तात्यांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं.

"म्हंजे सरकार गप बसलं की होकार?"

"हाव. इथं तसंच लिहिलंय."

"मग डीपीच्या अर्जाला कैक वर्षं कुणी हूं का चूं केलं नाही. तोबी होकारच म्हणायचा की!"

तात्या म्हणजे आमच्या आळीचे थोरले. हरभरा दोन एकर, तूर त्याच्या बांधाला, गळ्यात माळ आणि तोंडात रोह्यासाठी राखून ठेवलेला एक वेगळा शब्दसंग्रह. गावात शिकारीचं नियोजन झालं तेव्हा पुढारीपण आपोआप त्यांच्याकडं आलं, कारण नुकसान त्यांचं सगळ्यात जास्त होतं. आपल्याकडं बऱ्याच समित्यांचे अध्यक्ष असेच निवडले जातात.

शिकारीला जंगल लागतं ही जुनी समजूत. नांदेड जिल्ह्यातलं जंगल बघायचं तर किनवट-माहूरकडं जावं लागतं. आमच्याकडं कृष्णूरपासून नरसीपर्यंत काळं रान, मधे बाभळी, ओढ्याकाठची झुडपं आणि हैदराबादकडं धावणारा रस्ता. निजामाच्या राज्यात शिकार हा नवाब-जहागीरदारांचा शौक होता. त्यांनी बंदूक धरायची, रयतेनं हाका घालायचा आणि डबे वाजवायचे. 1948 साली निजामाचं राज्य गेलं, नवाब गेले, बंदुका गेल्या. डबे वाजवायचं काम तेवढं आमच्याकडं राहिलं.

आता ही शिकार रीतसर करायची म्हटल्यावर ती करतात कशी, हे कुणाला तरी विचारायला हवं होतं. जाणकार सापडला तो स्वीडनमध्ये. तात्यांचा पुतण्या तिकडं कंपनीत आहे, आणि नेमका त्याच हंगामात तो पहिल्यांदा मूसच्या शिकारीला निघाला होता, तेही कधी न पाहिलेल्या मुलखात. त्यानं मोबाईलवर मूस दाखवला. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो न्याहाळला आणि निकाल दिला, "हा आपला रोहीच की. नाक सुजलंय तेवढं."

अगदीच चूक नव्हतं ते. स्वीडनचा मोठा नर मूस पाचशे किलोच्या घरात जातो, आमचा रोही दोन-अडीचशेवर थांबतो, लाल कंधारी बैलाच्या उंचीचा. पण धंदा दोघांचा एकच. मूस कोवळ्या पाइनचे शेंडे खातो म्हणून तिकडचे रानमालक बोंब मारतात, इकडं हरभऱ्याचे शेंडे जातात म्हणून आम्ही. कृषी खातं सांगतं की हरभऱ्याचे शेंडे खुडले म्हणजे फांद्या जास्त फुटतात. रोही हे काम मजुरी न घेता करतो. फक्त थांबायचं कुठं हे त्याला कृषी सहायकानं सांगितलेलं नसतं.

पुतण्यानं आपलं नियोजन सांगायला सुरुवात केली आणि आम्ही पारावर फोन मधे ठेवून ऐकत बसलो. तिकडं आधी परीक्षा द्यावी लागते, लेखी आणि प्रत्यक्ष. पळत्या मूसच्या पुठ्ठ्यावर गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. हंगाम ठरलेला. उत्तरेला सप्टेंबरचा पहिला सोमवार, दक्षिणेला ऑक्टोबरचा दुसरा. एकट्यानं जायचं नाही, टोळीत जायचं, टोळीला म्होरक्या असतो, त्यानं सांगितलेल्या जागेवरून हलायचं नाही. जखमी जनावर सुटलं तर माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांत हजर होईल अशी सोय हवी, नाहीतर शिकारच बेकायदा.

"कुत्रा हाय आपल्याकडं," कुणीतरी उत्साहानं म्हणालं.

आहे. रोही बांधावर आला की तो बाजेखाली जातो आणि तिथून भुंकतो. माग काढतो तो फक्त चहाच्या टपरीवरच्या खारीचा.

नवख्या मुलखात शिकारीला जायचं तर आधी टेहळणी करावी लागते, असं पुतण्या म्हणाला. नकाशे घ्यायचे, पाण्याच्या जागा शोधायच्या, वाटा, खुरांचे माग, लेंड्या, वारा कुठून कुठं वाहतो ते टिपून ठेवायचं. हे ऐकून पारावर हशा पिकला. इथं टेहळणी आम्ही करत नाही, रोही करतो. नायगावचा मुलूख आम्हाला जेवढा पाठ आहे त्याहून त्याला जास्त आहे. कोणत्या आठवड्यात मोटारीला रात्रपाळीची लाईट आहे आणि कोणत्या आठवड्यात दिवसपाळीची, हे तो आमच्याआधी ओळखतो. रात्रपाळी असली की माणसं पाणी द्यायला रानात असतात, म्हणून तो पहाटे येतो. दिवसपाळी असली की रातभर. कुणाच्या घरी लग्न आहे, कोण पंढरपूरला गेलं, कुणाच्या कुंपणाची तार तुटली, सगळं ठाऊक. तात्यांच्या बांधावर त्याची हागणदारी ठरलेली आहे. रोह्यांची ही खोडच असते, एकाच जागी परत परत येऊन लेंड्यांचा ढीग करायचा. पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला दुसरा पुरावा लागू नये. सकाळी दंव पडलेल्या हरभऱ्यात शिरलं तर मधोमध एक लांबट चेंदामेंदा दिसतो, तिथं तो जेवून आडवा झालेला असतो. भोवतीच्या झाडांची टोकं कात्रीनं छाटावीत तशी सफाईनं गेलेली, ओल्या काळ्या मातीत दुभंगलेल्या खुरांचे खोल ठसे, आणि आंबीनं आपल्या पायाला खाज सुटलेली. त्याला कशी सुटत नाही, कोण जाणे.

कायद्यालाही ही गोष्ट मान्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात मालमत्तेला धोका झाला तर लेखी हुकमानं जनावर मारायची सोय आहे, आणि मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे. तात्यांची शंका अशी, की रोही ज्यात लोळला ते पीक उभं राहत नाही. मग ते मालमत्तेत धरायचं की नाही? मी म्हटलं, अर्ज रोही लोळायच्या आधी करावा.

कायदा गावाला एरवी माहीत नसतो, पण वन्यजीवांचा चांगला पाठ आहे. त्याचं श्रेय सलमान खानला. 1998 साली जोधपूरजवळ काळवीट मारल्याचा खटला, आणि 2018 साली कोर्टानं सुनावलेली पाच वर्षांची शिक्षा. तो जामिनावर आहे, वरच्या कोर्टात अपील आहे, पण गावानं घ्यायचा तो धडा घेतला. काळवीट पहिल्या अनुसूचीत, त्याला हातही लावायचा नाही. अडचण अशी की आमच्या रानात हरणांचे कळपही आहेत आणि तेही हरभराच खातात. म्हणजे एकाच रात्री, एकाच वाफ्यात, शेजारी शेजारी उभे राहून दोन जनावरं एकच पीक खाणार, त्यातलं एक अर्ज करून मारता येणार आणि दुसऱ्याकडं नेम चुकून गेला तर आपण जोधपूरच्या वाटेवर. त्यात रोह्याचीही मधे बदली झाली. 2022 च्या दुरुस्तीत सहाच्या चार अनुसूच्या झाल्या, 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली आणि रोही तिसरीतून दुसरीत गेला. शाळेत याला नापास म्हणतात, वनखात्यात बढती.

"अंधारात अनुसूची दिसंल अशी बॅटरी कुठं भेटते का बघ," तात्या पुतण्याला म्हणाले.

मग आला बंदुकीचा विषय.

तालुक्यात कधीकाळी पीक संरक्षणासाठी परवाने असलेल्या भरमार बंदुका होत्या. वरून दारू ठासायची, गज मारायचा, छर्रे भरायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. तसली एक बंदूक आमच्या एका मामांच्या माळवदाच्या घरात खुंटीला होती, आजोबांपासूनची, परवाना नूतनीकरण केलेला. सगळे बघायला गेलो. मामांनी ती धोतराच्या फडक्यातून बाहेर काढली, उन्हात धरली, आणि नळीत डोळा घातला. पलीकडचा उजेड दिसेना. कुंभारीण माशीनं तोंडापासून वीतभर आत चिखलाचं घर केलं होतं, एकावर एक कप्पे, व्यवस्थित लिंपलेले. मामांनी सळईनं ते खरवडायला घेतलं तर मामी आतून ओरडल्या, "ऱ्हाऊ द्या वो, पिल्लं असतील त्यात." अहिंसेचा पहिला अर्ज तिथं दाखल झाला आणि तिथल्या तिथं मंजूर झाला.

बंदूक साफ झाली असती तरी ती घरात राहिली असती याची हमी नव्हती. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो, आणि नांदेड जिल्ह्याला निवडणुकांचं काही कमी नाही. 2024 साली आम्ही एप्रिलमध्ये लोकसभेला मत दिलं, नोव्हेंबरात विधानसभेला दिलं आणि त्याच दिवशी लोकसभेच्या पोटनिवडणुकीलाही. नोव्हेंबर म्हणजे हरभरा वीतभर होण्याचे दिवस. उमेदवार हात जोडून बांधावर येतात, बंदूक ठाण्यात असते आणि रोही हरभऱ्यात. तिघांनाही आचारसंहिता लागू असते, पण पाळते फक्त बंदूक.

राहिला बाहेरचा नेमबाज. 2016 च्या जूनमध्ये बिहारमध्ये मोकामाच्या भागात शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून हैदराबादचे शिकारी बोलावले होते. दोनशेच्या वर रोही मारले गेले. दिल्लीत मनेका गांधींनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर म्हणाले की राज्यानं मागितलं म्हणून केंद्रानं परवानगी दिली. एकाच सरकारातले दोन मंत्री रोह्यावरून भांडले. आमच्या गावात त्याच रोह्यावरून एकाच घरातले दोन भाऊ भांडतात, कारण थोरल्यानं हाकलला की तो धाकट्याच्या तुकड्यात जातो. बिहारपेक्षा हैदराबाद आम्हाला कितीतरी जवळ. एसटीत बसलं की चार-पाच तासांत माणूस उतरतो. पण नेमबाजाला आणायचं म्हणजे त्याचा खर्च, जेवण, आणि जेवणात काय करायचं इथून प्रश्न सुरू. आमच्या आळीत शिजतं ते पिठलं.

इथं आमच्या शिकारीतला खरा पेच पुढं आला. समितीत निम्मे माळकरी. तात्या स्वतः वारीला जाणारे. मुंगीला साखर टाकणारी ही माणसं. रोह्याला मनापासून शिव्या देतील, त्याच्या आईबापाचा उद्धार करतील, पण अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाला गुरं सोडायची आठवण झाली. अर्जदार कोण? ज्याच्या सहीनं रोही मरणार, पाप त्याच्या खात्यावर. कुणी सुचवलं, सामायिक अर्ज करू, पाप वाटून जाईल. तात्या म्हणाले, "पापाची वाटणी होत नसती गा, जमिनीची होती. तीबी धड होत नाही." मग माळ नसलेल्यांचा शोध सुरू झाला. त्यातला एक म्हणाला, मी करतो सही, पण मांसाचं काय?

मांसाबद्दल पुतण्यानं जे सांगितलं त्यावर सगळेच गप्प झाले. स्वीडनमध्ये मूसचं मांस टोळीत वाटून घेतात, वर्षभर पुरतं. अमेरिकेच्या अलास्कात तर कायदाच आहे की आधी खाण्याजोगं सगळं मांस रानातून बाहेर आणायचं, शिंगं त्यानंतर. मांस कुजत टाकून नुसती शिंगं मिरवणारा तिथं गुन्हेगार. आपल्याकडं उलटं आहे. परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता. कढईत टाकणारा गुन्हेगार. "म्हंजे हरभरा माझा खाल्ला, तवा रोही कुणाचाच नव्हता," तात्यांनी हिशेब मांडला, "आन मेला की सरकारचा झाला. खड्डा मात्र आपणच खंदायचा." खड्ड्याबद्दल शासन काय म्हणतं ते मला ठाऊक नव्हतं, पण अनुभवानं तात्यांचं भाकीत बरोबर असणार असं वाटलं. सहीला तयार झालेला गडीही मग गुरं सोडायला गेला.

पुतण्यानं जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली ती सांगायला नको होती. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात टेक्सासमधल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य जमिनीवर रोही नेऊन सोडले होते. तिथं ते वाढले, आणि आज तिथं लोक रोह्याच्या शिकारीसाठी हजारो डॉलर मोजतात. गाडी, वाटाड्या, मुक्काम, फोटो, सगळ्याचे पैसे.

"शिकाऱ्याला देतात का शिकारी देतो?" तात्यांनी खात्री करून घेतली.

"शिकारी देतो, तात्या."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकेकाच्या डोक्यातून टेक्सास बाहेर यायला लागलं. नरसीच्या चौकात बोर्ड लावू. मुक्काम शाळेत, सुट्टीत रिकामीच असते. वाटाड्या आम्ही सगळेच. पिठलं-भाकरीसुद्धा डॉलरनं जाईल. शिकार करू द्यायची नाही, नुसती रात्रभर जागल करायला लावायची, तेवढ्याचेही लोक पैसे देतील. हे बेत चालू असताना तात्यांच्या हरभऱ्यात रोही होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

नियोजन चालू असतं तेव्हा जी कामं रोज चाललेली असतात, ती खरी. बायकांच्या जुन्या साड्या बांधाला बांधणं. आमच्या शिवारात संध्याकाळी फिरलं की कुणाच्या सासूची कोणती साडी हे सांगता येतं, आणि मकरसंक्रांतीला आलेल्या लेकींना आपली लग्नातली साडी तुरीला गुंडाळलेली पाहून रडू फुटतं. न्हाव्याच्या दुकानातले केस आणून बांधावर पसरणं. रिकाम्या बाटल्या तारेला टांगून त्यात खिळा सोडणं, वाऱ्यावर त्या किणकिणतात. सुतळी बॉम्ब, तो दिवाळीपुरताच परवडतो. झटका मशीन, सोलरवर चालणारं, ते टिक टिक करत राहतं. डुक्कर त्याच्या खालून जातं आणि रोही वरून. आणि एक गोष्ट हसण्यावारी न नेण्यासारखी: काही लोक घरातली वीज थेट तारेत सोडतात. त्यात रोहीच नाही, माणसंही मरतात, पहाटे बांधावरून जाणारा शेजारी, नाहीतर स्वतः मालक. असल्या माणसाला गावानंच अडवलं पाहिजे.

सगळ्यात यशस्वी ठरला तो भोंगा. बॅटरीवर चालतो, त्यात मेमरी कार्ड घालायचं, रातभर ओरडत राहतो. कार्डात कुत्र्याचं भुंकणं येतं, वाघाची डरकाळी येते. नायगावच्या रोह्यानं वाघ कधी पाहिलेला नाही, त्यामुळं डरकाळीला तो दाद देत नाही. मग तात्यांनी स्वतःचा आवाज भरून घेतला. अर्धा तास ते रोह्याशी मनमोकळं बोलले. पहिले काही दिवस रोही फिरकला नाही. पण त्याच सुमारास तात्या कार्तिकीला पंढरपूरला गेले आणि जाताना भोंगा चालूच ठेवून गेले. इकडं विठ्ठलाच्या दारात तात्या टाळ धरून उभे, आणि तिकडं रानात त्यांचा आवाज रातभर, दम न खाता, तीन शिवारांना ऐकू जाईल असा, आईबहिणीवरून. परत आल्यावर कीर्तनकार महाराजांनी त्यांना बाजूला घेतलं म्हणतात. रोही त्या आवाजाला सरावला होताच, आता तो भोंग्याजवळच चरतो, कारण तिथं दुसरं कुणी येत नाही.

नुकसानभरपाईचा मार्ग आहेच. तीन दिवसांच्या आत अर्ज, मग वन, महसूल आणि कृषी अशा तिन्ही खात्यांचा मिळून पंचनामा. तीन खात्यांची माणसं एका बांधावर एका वेळी आणणं ही आमच्या भागातली त्यातल्या त्यात अवघड शिकार. एक आला तर दुसरा मीटिंगला. दुसरा सापडला तर तिसऱ्याकडं आणखी चार गावांचा कारभार. त्यांनाही दोष कसा द्यायचा? माणसं कमी, बांध फार. रोही मात्र पूर्ण संख्येनं हजर असतो.

आमच्या शिकारीचं म्हणायचं तर, अर्ज अजून माझ्या पिशवीत आहे. कोरा सातबारा जोडलेला, नुकसानीचे फोटो जोडलेले, अर्जदाराची जागा रिकामी. पुतण्याच्या टोळीला मूस मिळाला, त्याच्या वाट्याला आलेलं मांस तो फ्रीजरमध्ये ठेवून आहे, आणि काकूंनी त्याला फोनवर काळ्या मसाल्याचं प्रमाण सांगितलं. काकू स्वतः माळकरी असल्यानं मीठ किती ते त्यांनी त्याच्यावर सोडलं.

हरभरा फेब्रुवारीत निघाला, जेवढा होता तेवढा. पुढच्या वर्षी काही लोक हळद वाढवायच्या विचारात आहेत, हळदीला रोही तोंड लावत नाही म्हणून. तात्या हरभराच पेरणार आहेत. आमचं एकूण मत असं झालंय की शेतकऱ्याला शिकारी करण्यापेक्षा सरकारनं कुंपण द्यावं आणि मोटारीला दिवसा लाईट द्यावी, म्हणजे माणूस रात्री घरी झोपेल. तोवर वाचकांपैकी कुणाकडं चालू परवान्याची, नळी मोकळी असलेली बंदूक असेल, गळ्यात माळ नसेल, अंधारात काळवीट आणि रोही वेगळे ओळखता येत असतील आणि मांसाची अपेक्षा नसेल, तर पेरणीच्या आधी नायगावला यावं. एसटी स्टँडवर कुणालाही तात्यांचं घर विचारा. पिठलं-भाकरीची सोय आहे. सही तेवढी तुमची लागेल.